तीन महिन्यांची फी, नऊ दिवसांची हजेरी: कोल्हापुरातल्या एका योगवर्गाच्या निवडीचं प्रकरण

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर, मान, गुडघे घेऊन येणाऱ्या बायकांना 'योगाचा वर्ग लावा' असं मी कित्येक वर्षं सांगत आले. त्यातल्या एकीचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं आणि त्यात चूक माझीही होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. नाव बदललं आहे, घरचे तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत.

पार्श्वभूमी

शालनमावशी शिवाजी पेठेत राहतात. वय ५४. घरीच शिलाई करतात. गांधीनगरच्या व्यापाऱ्याकडून कापलेला माल येतो, परकर आणि गाऊन, आणि नगावर पैसे मिळतात. शाळा सुरू होण्याआधी गणवेश, गणपतीपासून दिवाळीपर्यंत परकरांचे गठ्ठेच्या गठ्ठे. सरासरी महिन्याला सात-साडेसात हजार हातात पडतात. मुलगा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत पाळीवर जातो. घरात नवरा आणि सासूबाई. सासूबाई हिंडत्याफिरत्या आहेत, पण त्यांचं जेवणखाण, औषधं सगळं हातात द्यावं लागतं.

मे २०२३ मध्ये त्या माझ्याकडे आल्या. मशीनसमोर पाठ नसलेलं लाकडी स्टूल, त्यावर दिवसाचे सात तास, मान खाली, उजवा पाय मोटारीच्या पायडलवर. कंबर सकाळी उठताना धरायची, मान दुपारनंतर. दोन्ही गुडघ्यांत झीज सुरू झालेली, उजव्यात जास्त. बीपीची गोळी चार वर्षं चालू. खाली मांडी घालून बसणं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. हळदी-कुंकवाला गेल्या की खुर्ची मागावी लागायची आणि त्याची त्यांना फार लाज वाटायची. ते सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

हाताचा आधार न घेता खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, अशी एक सोपी चाचणी आम्ही करतो. त्यांचा आकडा ८ आला. दुखणं त्यांनी दहापैकी सात सांगितलं.

तीन आठवडे उपचार झाले, दुखणं कमी झालं. शेवटच्या दिवशी मी म्हणाले, "मावशी, घरचे व्यायाम चालू ठेवा आणि एखादा योगाचा वर्ग लावा."

या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो मी घेतला. डॉक्टर औषध लिहिताना सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे लिहितात. मी औषधाचं नुसतं नाव सांगून मोकळी झाले. कसला वर्ग, किती लांबचा, किती पैशांचा, त्यात त्यांनी काय करू नये, यातलं एक अक्षर मी बोलले नाही.

पहिली निवड

जून उजाडला. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन झाला. तेव्हापासून त्या आठवड्यात मोफत शिबिरांचे फलक लागतात, तसेच सवलतींचेही. मावशींच्या मुलाला मोबाईलवर अशीच एक सवलत दिसली. नागाळा पार्क भागातला वातानुकूलित स्टुडिओ, नवशिक्यांसाठी वेगळी बॅच, तीन महिन्यांचे ७,५०० रुपये, पण २१ तारखेच्या आत भरले तर ६,०००.

मावशी म्हणाल्या होत्या, "आधी जाऊन बघून येऊया की रं." मुलगा म्हणाला, "आई, उद्या संपतीय सवलत." पैसे त्याच रात्री फोनवरून गेले.

मुलाला दोष देण्यासारखं यात काही नाही. आईचं दुखणं त्याला बघवत नव्हतं आणि त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. पण न बघता पैसे भरले, तेही तीन महिन्यांचे, हा दुसरा निर्णय.

वर्ग सकाळी अकराचा. मावशींना वेळ सोयीची, कारण तोवर पाणी, स्वयंपाक, सासूबाईंचं आवरून व्हायचं. वर्गात पंचवीसेक जणी. समोर भिंतभर आरसा, मंद संगीत, स्वच्छ मॅट. सुरुवातीलाच सहा सूर्यनमस्कार. दुसऱ्या दिवसापासून मावशी मागच्या ओळीत उभ्या राहू लागल्या.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण पुढे मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्या बॅचचं नाव 'नवशिक्यांची' होतं. पण ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. कुणीही कुठल्याही दिवशी पैसे भरून आत यायचं. त्यामुळे मावशी पहिल्या दिवशी ज्या वर्गात उभ्या राहिल्या त्यातल्या बऱ्याच जणी चार-पाच महिने येत होत्या आणि शिक्षक साहजिकच त्यांच्या गतीनं चालले होते. नव्या बाईसाठी पहिला धडा त्या वर्गात कधी होतच नव्हता. पाटीवर 'नवशिके' लिहिलं म्हणजे शिकवणंही नवशिक्यांसाठी आहे असं मानू नये. पहिला आठवडा सगळ्यांचा एकदम सुरू होतो का, किंवा नव्या बाईला पहिले काही दिवस वेगळं कोण बघतं, हे विचारावं.

नवव्या दिवशी पश्चिमोत्तानासन होतं. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून अंगठे धरायचे. मावशींचे हात घोट्यापर्यंतही पोचत नव्हते. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "मी जेवढं वाकवंल तेवढं वाकलो होतो. तेवढ्यात त्या पोरीनं पाठीवर हात ठेवून दाबलं की ओ. तिनं आपलं चांगल्या मनानंच दाबलं आसंल, पण कमरंत चमक भरली ती भरलीच."

बारा दिवस मशीन बंद. त्या दिवसांचं शिलाईचं उत्पन्न साडेतीन हजारांच्या आसपास बुडालं. त्यात १८ जुलैला अधिक महिना लागला. लेकीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं, म्हणजे जावयाला पहिलं अधिकाचं वाण, तेहतीस अनारसे, कपडे, सगळं आलं. सहा हजारांची खरी टोचणी त्यांना तेव्हा लागली.

पैसे परत मागायला मुलगा गेला. पावतीच्या तळाला बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं की फी परत मिळणार नाही. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, मुलानं ते वाचलं नव्हतं. बरंच बोलणं झाल्यावर उरलेले दिवस नात्यातल्या दुसऱ्या कुणाला वापरता येतील एवढं मान्य झालं आणि मावशींची भाची उरलेले दिवस तिथे गेली. तिला तो वर्ग चांगला मानवला. ती पंचविशीची आहे, पूर्वी कबड्डी खेळायची. त्या स्टुडिओत वाईट शिकवतात असं मी म्हणणार नाही. तो वर्ग मावशींसाठी नव्हता.

खरी अडचण

ऑगस्टच्या सुरुवातीला मावशी पुन्हा माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मला काय योगा जमत न्हाई. माझं वयच गेलं आता."

कमरेची चमक बरी होण्यासारखी होती. मला जास्त काळजी या वाक्याची वाटली. वर्ग चुकला होता आणि दोष त्या स्वतःच्या शरीराला देत होत्या. असं म्हणून कायमच्या घरी बसलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. म्हणून कंबर बरी करता करता आम्ही दोघींनी एक कागद घेतला आणि त्यांचा दिवस तासातासानं लिहून काढला.

त्यांच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड, पहाटे साडेपाचच्या पुढे येतं. पाणी भरायला घरात दुसरं कुणी नाही, कारण मुलाची पाळी असते आणि नवऱ्याला बादल्या उचलणं झेपत नाही. म्हणजे सकाळी सहाचा कुठलाही वर्ग आठवड्यातले तीन-चार दिवस आपोआप चुकणार. संध्याकाळी सहानंतर स्वयंपाक. अकरा ते साडेबारा मोकळीक असायची, पण व्यापाऱ्याचा माणूस माल घ्यायला त्याच सुमारास येतो. स्टुडिओच्या नऊ दिवसांत तो दोनदा परत गेला होता. दुपारी साडेतीन ते पाच या वेळात मात्र सासूबाई झोपलेल्या असतात आणि घर शांत असतं.

पैसे: महिन्याला जास्तीत जास्त ८००, येण्याजाण्याचा खर्च धरून. अंतर: चालत पंधरा मिनिटांच्या आत. शरीर: बीपी आहे म्हणून डोकं खाली पाय वर अशी आसनं नकोत, श्वास कोंडून धरणं नको, जोरजोरात श्वास सोडायचं कपालभाती नको. कंबरेसाठी पाय ताठ ठेवून पुढे वाकणं सध्या नको. गुडघ्यांसाठी वज्रासन आणि मांडी सध्या नको, खुर्ची हवी.

हा कागद मे महिन्यातच व्हायला हवा होता. त्याला वीस मिनिटं लागली.

समोर असलेले पर्याय

घरी येऊन शिकवणाऱ्या एक बाई आठवड्याला तीन दिवसांचे महिन्याला ४,००० मागत होत्या. तो पर्याय तिथेच संपला. मोबाईलवर बघून करणं मावशींनी पूर्वी करून पाहिलं होतं. पडद्याकडे बघायला मान वळवावी लागायची आणि मानच धरायची. शिवाय आपण चुकतोय हे सांगायला समोर कुणी नाही.

रंकाळ्याच्या काठावर सकाळी एक गट जमतो. घरापासून चालत दहा-बारा मिनिटं, फी नाही. मावशींच्या ओळखीच्या चार जणी तिथे जायच्या. मला हा पर्याय मनापासून आवडला होता, कारण ओळखीच्या बायका असल्या की हजेरी टिकते. पण वेळ सहाची, म्हणजे पाण्याचा प्रश्न. आणि गट पन्नास-साठ जणांचा, सूचना ध्वनिवर्धकावरून. योग दिनासाठी आयुष मंत्रालयानं ४५ मिनिटांचा जो सामाईक क्रम ठरवला आहे, तोच तिथे रोज होतो. तो क्रम साधा आणि चांगला आहे, कुणी काय टाळावं हेही त्याच्या पुस्तिकेत बऱ्याच आसनांखाली दिलं आहे. पण साठ जणांत मावशींनी काय टाळायचं हे बघणार कोण?

राजारामपुरीतला एक वर्ग शिकवण्याच्या दृष्टीनं सगळ्यात उत्तम वाटला. बारा जणी, आठवड्याला तीन दिवस, महिन्याला १,०००. तिथे पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड असं सगळं साहित्य आहे. ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही त्याच्यापर्यंत आसन आणण्याची ही पद्धत पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी रुजवली आणि ताठर शरीरांसाठी ती फार उपयोगी आहे. पण वेळ संध्याकाळी साडेसहा आणि अंतर तीन किलोमीटरच्या आसपास. रिक्षाचे येऊनजाऊन १४० धरले तर बारा दिवसांचे १,६८०. म्हणजे १,००० रुपयांचा वर्ग २,६८० ला पडतो, दिवसाला २२३. केएमटीच्या सिटी बसनं गेलं तर पैसे वाचतात, पण परतायला साडेआठ आणि चूल थंड.

पाचवा पर्याय त्यांच्या घरापासून सात मिनिटांवर होता आणि तो सगळ्यात शेवटी सुचला. पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. कोल्हापूरच्या पेठांत तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा राहिलेला नाही. गणपती, फुटबॉलचा संघ, रक्तदान शिबिर, सगळं तिथूनच चालतं. या तालमीच्या हॉलमध्ये दुपारी चार ते पाच, सोमवार ते शुक्रवार, फक्त बायकांचा योगवर्ग होता. शिकवणाऱ्या बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्तीनंतर त्यांनी योगशिक्षक पदविका केली. फी महिन्याला ५००. फलक नाही, मोबाईलवर काही नाही. मावशींना हा वर्ग ठाऊक नव्हता असंही नाही. "तालमीत आपण कशाला जायचं" असं वाटून त्यांनी तो मोजलाच नव्हता.

बघण्याचा आठवडा

यावेळी एकही रुपया आधी भरायचा नाही असं ठरलं. मावशी राजारामपुरीला एकदा आणि तालमीत दोनदा, नुसतं बसून बघायला गेल्या. तालमीतल्या वर्गाला एक दिवस मीही गेले. त्यांना मी एकच काम सांगितलं होतं: वर्गातल्या सगळ्यात अवघडलेल्या बाईवर नजर ठेवा, तिचं काय होतं ते बघा.

त्या दिवशी मी पाहिलेलं लिहिते. जिना अरुंद, वर चढताना एका बाजूला गणपतीच्या मांडवाचे बांबू रचलेले. हॉलमध्ये शहाबादी फरशी, भिंतीवर हनुमानाची तसबीर आणि ढालींचं कपाट, खिडकीतून पाऊस दिसतोय. चौदा जणी. एका जाड बाईंना, वय साठीच्या पुढचं, पाय लांब करून बसल्यावर पाठ सरळच ठेवता येत नव्हती, त्या मागे कलंडत होत्या. शिकवणाऱ्या बाई त्यांच्याजवळ गेल्या. पाठीला हात लावला नाही. दोन घड्या घातलेली चादर त्यांच्या बैठकीखाली सरकवली, गुडघ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल दिला आणि ओढणीचा फास दोन्ही तळपायांना घालून टोकं हातात दिली. "आता ओढायचं न्हाई. नुसतं धरून ताठ बसायचं. दहा श्वास." त्या बाई ताठ बसल्या. बाकीच्या तेवढ्या वेळात पुढे वाकल्या, आणि बाईंनी त्यांनाही घाई केली नाही.

पदविकेच्या कागदावर जे कळलं नसतं ते मला त्या दहा श्वासांत कळलं.

तरी कागद मी विचारला. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षांमध्ये पातळ्या आहेत. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर ही सुरुवातीच्या पातळ्यांतली एक, म्हणजे तो ठरावीक सामाईक क्रम नीट घेता येणं. शिकवणाऱ्यांचा आणि उपचार म्हणून योग देणाऱ्यांचा मार्गही वेगळा आहे. बाईंकडे त्या मंडळाचं प्रमाणपत्र नव्हतं, पदविका होती. नागाळा पार्कच्या स्टुडिओतल्या शिक्षकांकडे ते होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. प्रमाणपत्र बघावंच, त्यानं शिक्षण झालंय एवढं कळतं. पण वर्गात पंचवीस जणी असल्या आणि कुणाला बीपी आहे हे विचारलंच गेलं नाही, तर ते शिक्षण त्या बाईपर्यंत पोचत नाही.

मी मावशींचा कागद बाईंना दिला. त्यांनी पर्समधून एक दोनशेपानी वही काढली. प्रत्येक बाईचं नाव, वय, दुखणं, गोळ्या, आणि 'काय नको' असा रकाना. माझा कागद त्यांनी तसाच त्या वहीत चिकटवला.

निर्णय

राजारामपुरी की तालीम, यावर मावशी चार दिवस अडल्या होत्या. शिकवणं राजारामपुरीचं सरस, हे मीही त्यांना सांगितलं. पण महिन्याला ८०० ची मर्यादा आम्ही दोघींनी विचार करून घातली होती आणि ती पहिल्याच मोहाला मोडायची नव्हती.

दुसरी अडचण तालमीची. "खाली पोरं असत्यात ओ. त्यांच्यासमोरनं सतरंजी घिऊन जायाचं म्हंजे..." हे त्यांनी माझ्यापाशी बोलून दाखवलं, घरी नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईंनी सांगितलं की बायकांच्या वेळेला खालचा दरवाजा रिकामा ठेवायचा, असं तालमीच्या मंडळानं पोरांना सांगितलेलं आहे. ते खरं होतं की नाही हे मावशींनी दोन दिवस स्वतः उभं राहून पाहिलं, मग होकार दिला. सासूबाईंचं मत विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळंला आसतं तर मीबी गेलो आसतो."

१ सप्टेंबरपासून मावशी जाऊ लागल्या. महिन्याची फी, महिन्याच्या सुरुवातीला.

सुरुवातीचे महिने

पहिल्या आठवड्यात पोटात ढवळायचं. दुपारचं जेवण दीडला आणि वर्ग चारला, म्हणजे मध्ये जेमतेम अडीच तास. जेवणानंतर तीन-चार तास जायला हवेत हे मला ठाऊक असून कागदावर लिहायचं राहून गेलं होतं. जेवण साडेबाराला आणलं, चहा वर्गानंतर. त्रास थांबला.

दुसऱ्या आठवड्यात उभ्या आसनात सतरंजी फरशीवर सरकली आणि त्या भिंतीला धरून वाचल्या. ४५० रुपयांची मॅट घ्यावी लागली. शहाबादी फरशी आणि सतरंजी ही जोडी मी हॉलमध्ये डोळ्यांनी पाहिली होती, तेव्हा हे लक्षात यायला हवं होतं.

गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. त्याआधी तीन दिवस हॉल मंडळानं घेतला आणि महिना संपेपर्यंत वर्ग बंद. नुकती लागलेली सवय तुटणार अशी मला धास्ती वाटली. बाईंनी त्या महिन्याची निम्मी फी पुढच्या महिन्यात वळती केली आणि बायकांना पाच आसनं घरी करायला दिली, भिंतीला आणि खुर्चीला धरून करायची. मावशींनी ती मशीनच्या स्टुलाजवळच केली. गठ्ठा संपला की एक.

दिवाळीआधी कामाचा जोर वाढला आणि ऑक्टोबरअखेरीस आठवड्याला दोनच दिवस हजेरी राहिली. बाई रागावल्या नाहीत, पण परत आल्यावर त्यांनी मावशींना पहिल्या आठवड्याच्या क्रमावर आणलं. मावशींना ते आवडलं नाही. मला ते अगदी योग्य वाटलं.

एका बाबतीत बाईंचं आणि माझं पटलं नाही. बाईंच्या मते महिनाभरानं मावशींनी वज्रासनाला सुरुवात करावी, पोटऱ्या आणि मांड्यांमध्ये जाड उशी ठेवून. माझ्या मते उजव्या गुडघ्याला अजून वेळ द्यायला हवा होता. आम्ही फोनवर बोललो, मग समोरासमोर. शेवटी मावशींनी खुर्चीवरच चालू ठेवलं आणि जानेवारीत उशी घेऊन अर्धा मिनिट करून पाहिलं. दुखलं नाही. बाई कदाचित आधीपासून बरोबर असतील.

काय झालं

डिसेंबरच्या मध्यावर मी पुन्हा मोजलं. ३० सेकंदांत उठण्याचा आकडा ८ वरून १२ झाला. दुखणं सातवरून तीन. पण याचं सगळं श्रेय योगवर्गाला देणं बरोबर होणार नाही. ऑगस्टमध्येच आम्ही स्टूल बदलून पाठ असलेली खुर्ची आणली होती आणि मशीनखाली दोन विटा लावून ती उंच केली होती. त्याचा वाटा किती आणि आसनांचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. बीपीची गोळी तशीच चालू आहे, ती बंद करायचा विषय नव्हता आणि नाही.

पैशांचा हिशेब मात्र स्वच्छ आहे. पहिल्या वर्गाचे ६,००० आणि रिक्षाचे दिवसाला १२० प्रमाणे १,०८०, मिळून ७,०८०. हजेरी नऊ दिवस. म्हणजे दिवसाला ७८७ रुपये, बुडालेली शिलाई वेगळीच. तालमीतल्या वर्गाचा नोव्हेंबरचा दिवाळीनंतरचा आणि डिसेंबरचा अनुभव धरला तर महिन्याला सतरा-अठरा दिवस हजेरी, म्हणजे दिवसाला २८ ते २९ रुपये.

फीचा आकडा विचारायची आपल्याला सवय असते. तिला हजेरीच्या दिवसांनी भागायची नसते. आणि हजेरी ठरते नळाच्या वेळेवर, माल न्यायला येणाऱ्या माणसावर, पावसात किती चालावं लागतं त्यावर.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून सुरुवात करते. आता 'योग करा' असं तोंडी सांगून मी कुणाला पाठवत नाही. मराठीत एका पानावर लिहून देते: कुठल्या हालचाली चालतील, कुठल्या नाहीत, किती दिवसांनी मला दाखवायचं. ते पान वर्गाच्या शिक्षकांच्या हातात द्यायचं. त्यांनी ते वाचलं का, वाचून काही विचारलं का, एवढ्यावरूनच निम्मी निवड होते. दोन ठिकाणी असं झालं की शिक्षकांनी पान परत दिलं आणि 'आमच्याकडे सगळ्यांना सगळं जमतं' असं सांगितलं. तिथे मी पाठवत नाही.

मुलानं पहिल्या वेळी एक महिन्याची फी मागून बघायला हवी होती. २,५०० गेले असते, ६,००० नाही. पावतीवरचा मजकूर पैसे भरण्याआधी मराठीत समजावून मागता येतो. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जुलैमध्ये आम्हाला कुणालाच हे सुचलं नाही. मुलगा एकटा भांडत राहिला.

पाठीवर हात पडला तेव्हा मावशी काही बोलल्या नाहीत. मी त्यांना का ते विचारलं होतं. "शिकवणाऱ्याला कसं थांबवायचं? आपल्याच चांगल्यासाठी करत्यात." ही आपली शाळेतली सवय आहे आणि ती चौपन्नाव्या वर्षीही सुटत नाही. म्हणून आता वर्गाला निघालेल्या प्रत्येकीकडून मी एक वाक्य मोठ्यानं म्हणून घेते: "हात लावू नका, मी माझ्या मानानं करते." माझ्यासमोर म्हणताना बहुतेकींना संकोच वाटतो. दोनदा म्हणून घेते.

राजारामपुरीचा पर्याय आम्ही पूर्णपणे सोडायला नको होता, असं आता वाटतं. महिन्यातून एकदा तिथे जाऊन साहित्याचा वापर शिकून यायचा, बाकीचे दिवस तालमीत करायचं, असं काही विचारून बघता आलं असतं. आम्ही विचारलंच नाही.

मावशी अजून जातात. २०२४ च्या गणपतीत हॉल पुन्हा बंद झाला, तेव्हा सहा-सात जणी त्यांच्याच घराच्या गच्चीवर जमल्या, पाऊस आला की जिन्याखालच्या खोलीत. सासूबाई खुर्चीत बसून हात वर-खाली करायच्या. नव्या आलेल्या एका बाईला मांडी घालता येईना, तेव्हा मावशींनी आतून स्वतःची मशीनची खुर्ची आणून तिला दिली.